तलवारीवरचे सोने आणि लोहाराचे नाव

संग्रहालयात काचेच्या कपाटात जुनी तलवार ठेवलेली असते. काळसर पोलादी मुठीवर सोन्याची वेलबुट्टी. खाली पाटी: पंजाब, 19वे शतक, पोलाद, सोन्याची कोफ्तगिरी. तलवार कुणा राजाची किंवा सरदाराची असेल तर त्याचे नाव हमखास लिहिलेले असते. ती घडवणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक पाट्यांवर नसते. हा केवळ विसराळूपणा आहे का?

फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे. पोलादावर धारदार हत्याराने बारीक आडव्यातिडव्या रेघा ओढून तो खरबरीत करायचा. नक्षीप्रमाणे सोन्याची केसासारखी तार त्यावर बसवायची, हातोडीने ठोकायची, तापवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. पोलादाला ताप किती, हातोडीचा घाव किती हलका, हे कुठल्याही पोथीत लिहिलेले नव्हते. हे धातूचे ज्ञान होते आणि ते शास्त्री-पंडितांकडे नव्हे, भट्टीपाशी बसणाऱ्यांकडे होते.

या कामाची मोठी केंद्रे म्हणजे सियालकोटजवळचे कोटली लोहारां आणि गुजरात शहर. दोन्ही आज पाकिस्तानच्या पंजाबात आहेत. कोटलीच्या तर नावातच लोहार आहे. पण पंजाबच्या गावगाड्यात लोहाराची गणना ‘कमीन’ म्हणजे हलक्या लोकांत होई. आपल्याकडच्या बलुतेदारासारखे त्याला सुगीला धान्य मिळे. लोहार हिंदू असो, शीख असो की मुसलमान, धर्म बदलला तरी पायरी बदलत नव्हती. लोहार अस्पृश्य नव्हता, हे खरे. पण बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. प्रत्येकाच्या वर कुणीतरी, प्रत्येकाच्या खाली कुणीतरी. म्हणून सगळे एकत्र येऊन भांडतच नाहीत.

1849 मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला. पुढे 1878 चा शस्त्र कायदा आला. तलवारींची मागणी आटली, तेव्हा कोफ्तगर साहेबांसाठी तबके, डब्या, दौती घडवू लागले. प्रदर्शनांत या वस्तूंची वाहवा झाली. पण 1900 च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जमातीं’ची यादी केली, तेव्हा कारागीर आणि दलित जातींना तिच्याबाहेर ठेवले. यादीतल्यांची जमीन त्यांना विकत घेता येईना. कला हवी होती, कलावंताची मालकी नको होती.

आता काहीजण म्हणतात, ‘जातीमुळेच तर ही कला पिढ्यान्‌पिढ्या टिकली.’ मग सियालकोटचेच उदाहरण घ्या. 20व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कारागिरांनी मिशन इस्पितळातली शस्त्रक्रियेची हत्यारे दुरुस्त करायला घेतली. मग ते ती स्वतः बनवू लागले. आज सियालकोटची ही हत्यारे जगभर जातात. ही करामत जातीची की नवे शिकणाऱ्या हातांची आणि डोक्याची? जातीने ठरवून दिलेल्या चाकोरीत राहिले असते तर तलवारींबरोबर तेही संपले असते. कला शिकवायला आईबाप आणि उस्ताद पुरतात, त्यासाठी उच्चनीचतेची गरज नसते.

1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिले. मंडळाने ते होऊ दिले नाही. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीतली फाळणी आहे, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. जिथले लोहार पोलादावर सोने चढवत होते, त्याच पंजाबला ते ऐकवायचे होते.

म्हणून आपली मागणी साधी आहे. नाव सापडत असेल तर ते पाटीवर लिहा. सापडत नसेल तर तेही लिहा: ‘लोहार कारागिराने घडवली, नाव नोंदवले गेले नाही.’ एवढी एक ओळ वाचली तरी शाळेची सहल घेऊन आलेल्या मुलांना कळेल की इतिहास फक्त तलवार चालवणाऱ्यांचा नसतो.

जय भीम!