ओटी म्हणजे काय? व्यवसायोपचाराच्या शिक्षणाची गोष्ट



आज सुरुवात एका शब्दापासून करू. घरात 'ओटी' म्हटलं की खण-नारळ आठवतो. रुग्णालयात 'ओटी' म्हटलं की ऑपरेशन थिएटर. आणि मी ज्याबद्दल बोलणार आहे ती ऑक्युपेशनल थेरपी, तिचंही लघुरूप ओटीच. मराठीत आपण व्यवसायोपचार म्हणतो, त्यानं घोळ आणखी वाढतो. व्यवसाय म्हणजे धंदा किंवा नोकरी, असं लोक धरून चालतात. इथे मात्र व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणं, शर्ट घालणं, भात कालवून खाणं, शाळेत वही लिहिणं, देवपूजा, आणि हो, नोकरीसुद्धा.

मला विद्यार्थ्यांचे पालक नेहमी विचारतात, "सर, याला स्कोप आहे का?" त्याचं उत्तर मी इतिहासातून देतो, कारण हे क्षेत्र उभं कसं राहिलं ते कळलं की त्यात उभं कसं राहायचं तेही कळतं.

मार्च 1917. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या लहानशा गावी मोजकी माणसं जमली आणि त्यांनी या विषयाची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. ज्यांच्या घरी जमली ते जॉर्ज बार्टन डॉक्टर नव्हते बरं का, वास्तुविशारद होते. क्षयानं गांजलेले, पायाची बोटं कापलेली, शरीराची एक बाजू लुळी पडलेली. बागकाम आणि सुतारकाम करता करता त्यांनी स्वतःला पुन्हा उभं केलं होतं. बाकीच्यांत विल्यम डंटन हे मनोविकारतज्ज्ञ, एलिनॉर स्लेगल या समाजकार्यकर्त्या, सुझन जॉन्सन या हस्तकलेच्या शिक्षिका. म्हणजे पहिल्या दिवसापासून या क्षेत्रात वैद्यक आणि हातकाम शेजारी शेजारी बसलेलं आहे. पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांसाठी घाईघाईनं माणसं तयार करावी लागली, त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. 1918 मध्ये फिलाडेल्फियात या विषयाची शाळा निघाली.

फिलाडेल्फियाचं नाव लक्षात ठेवा, कारण आपला धागा तिथूनच येतो.

एलिझाबेथ लंडी ही अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या घरातली मुलगी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून ती भारतात आली आणि कमला निंबकर झाली. संसार, मुलं, शिक्षणाचं काम हे सगळं चालू असताना, चाळिशी ओलांडल्यावर कमलाबाई अमेरिकेत परत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या त्या शाळेत विद्यार्थिनी म्हणून बसल्या. शिकून मुंबईला आल्या आणि 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातली ही पहिली. 1952 मध्ये त्यांच्याच पुढाकारानं अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपुरातही शिक्षण सुरू झालं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, ते नाव याच कमलाबाईंचं.

आता या शिक्षणात शिकवतात काय? शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र हे सगळं आहेच. पण गाभा आहे कृतीचं विश्लेषण. साधी पोळी घ्या. कणीक मळायला बोटांची ताकद लागते. लाटताना दोन्ही हात एका लयीत चालावे लागतात. पोळी उलटताना तव्याचा चटका जाणवावा लागतो. आणि आधी काय, नंतर काय, हा क्रम डोक्यात राहावा लागतो. आता पक्षाघात झालेल्या बाईंना यातलं नेमकं काय जमत नाही? हात उचलत नाही, की चटका कळत नाही, की क्रमच विसरतो? तिन्हींचे उपाय वेगळे. हे ओळखता येणं म्हणजे प्रशिक्षण.

फिजिओथेरपीशी गल्लत होते ती इथेच. ढोबळ सांगायचं तर फिजिओथेरपिस्ट आजोबांच्या खांद्याची हालचाल आणि ताकद वाढवतात. व्यवसायोपचारक विचारतात, "आजोबा, सदरा कोण घालून देतं?" मग शिकवतात की लुळा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी. पायजम्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक लावायचं. चमच्याची मूठ जाड करायची. दोन्ही विद्यांना एकमेकींची गरज आहे, पण काम एक नाही.

अमेरिकेहून आलेल्या विद्येला इथे आणखी एक गोष्ट शिकावी लागली. तिथली माणसं खुर्चीवर बसून काट्या-चमच्यानं जेवतात. आपण मांडी घालतो, बोटांनी कालवतो, उकिडवे बसतो, नऊवारी नेसतो. परदेशी पुस्तकात याचं उत्तर नाही. ते उत्तर रुग्णाच्या घरात, मोरीच्या उंबरठ्याशी उभं राहूनच सापडतं.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. आज महाराष्ट्रात बारावी सायन्सनंतर 'नीट'मधून प्रवेश मिळतो. पदवीच्या शेवटी इंटर्नशिप असते. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत हे शिक्षण मिळतं. राज्यात नोंदणीसाठी परिषद आहे. 2021 मध्ये केंद्राचा कायदा झाला, त्यात हा व्यवसाय समाविष्ट आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आल्या. आज बरेच तरुण लहान मुलांच्या केंद्रांत दिसतात ते यामुळेही. त्याशिवाय हातांच्या शस्त्रक्रियेनंतरचे उपचार, मनोविकार, वृद्धांची घरं सोयीची करणं ही क्षेत्रं आहेत. परदेशी जायचं तर त्या त्या देशाची परीक्षा आणि नोंदणी वेगळी.

म्हणजे स्कोप आहे. पण हेही सांगतो, पहिली काही वर्षं "म्हणजे फिजिओच ना?" हे ऐकावं लागेल. नातेवाईक म्हणतील, एवढं शिकून बटणं लावायला शिकवतोस? चिडू नका. एका आजोबांना तीन महिन्यांनी स्वतःच्या हातानं बटण लावता आलं, त्या दिवशी त्यांनी सुनेला खोलीबाहेर जायला सांगितलं. म्हणाले, "आता माझं मी करीन." त्यांच्या घरात त्यानंतर कुणी असला प्रश्न विचारला नाही.

आशियातली पहिली शाळा परळला निघाली आणि परळच्याच लोकांना ती माहीत नाही, ही आपली अडचण आहे. ती जाहिरातीनं सुटणार नाही. अशा एकेका घरातून सुटेल.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.