जादूगाराचा दिवा

मंडळी, आजचा विषय फिरत्या जादूच्या खेळातला दिवा. जादू नव्हे, दिवा. आम्ही हयातभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे या विषयाकडे आलो तेही दोरी आणि सापाच्या वाटेने. अद्वैतातलं ते उदाहरण आपण सगळे ऐकून आहात. वर्गात आम्ही त्यावर एक साधा प्रश्न विचारत असू: उजेड किती होता? मिट्ट काळोखात दोरीही दिसत नाही आणि सापही दिसत नाही. भर दुपारी दोरी दोरीच दिसते. साप दिसायचा तर दिवेलागणीची वेळ लागते. म्हणजे भ्रमाला जसं अज्ञान लागतं, तसा थोडका उजेडही लागतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तर थेट जादूगाराचाच दाखला दिलाय. ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा एक, आणि खरा मायावी जमिनीवरच उभा. त्याच्यापाशी दिवा कोणता होता, ही चौकशी आचार्यांनी केली नाही. ती आपण करू.

आपल्याकडचा जुना जादूगार म्हणजे गारुडी आणि मदारी. त्याचा खेळ उन्हात, चौकात, चहूबाजूंनी माणसं. लपायला जागा नाही, दिवाही नाही. त्याची सगळी भिस्त हातावर, डमरूवर आणि तोंडच्या बडबडीवर. रंगमंचावरची जादू वेगळी. ती तिकीट लावून, रात्री, तीन बाजू बंद करून होते. तिथे दिवा आला, आणि गाव बदलत जायचं तर दिवाही गाडीत घालून न्यायचा आला.

मराठी मुलुखातलं याचं फार सुंदर उदाहरण कल्याणचं आहे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले आणि पुढे मुलांना घेऊन ते गावोगाव नेले. नाव काय ठेवलं? शाम्बरिक खरोलिका. शंबर हा मायावी असुर, शाम्बरी म्हणजे त्याची माया, जादू. आणि खरोलिका म्हणजे दिवा. इंग्रजी ‘मॅजिक लँटर्न’चं इतकं चोख संस्कृत आम्हाला तरी सुचलं नसतं. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. सिनेमा आणि जादू एकाच पेटीतून प्रवास करत होते, असं म्हणायला हरकत नाही.

पण खेड्यापाड्यात खरं राज्य केलं ते गॅसबत्तीने. नाव गॅसबत्ती, इंधन रॉकेल. खाली टाकी. पंप मारून हवा भरायची, आधी स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग रॉकेलची वाफ होऊन ती जाळीच्या पिशवीत, मेंटलमध्ये, जळते. मेंटलची कल्पना ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांची, १८८०च्या दशकातली. पेट्रोमॅक्स हे नाव बर्लिनच्या कारखान्याचं. एकदा जळलं की मेंटलची राख होते आणि ती राखच उजेड देते! बैलगाडीचा एक दणका बसला की संपलं. म्हणून फिरतीवर पेटवलेलं मेंटल कोणी जपत नसे, कोऱ्या मेंटलची पाकिटं बाळगायची. नारायणगावच्या परिसरातून निघणारे तमाशाचे फड याच बत्त्यांवर चालले.

आता जादूगाराच्या डोळ्याने बत्तीकडे बघा. ती सूंऽऽ असा आवाज करते, त्यामुळे हळू बोलून चालत नाही. पाखरं जमतात. पाहिजे तेव्हा क्षणात मंद करता येत नाही, आणि विझवली तर पुन्हा पेटवायला वेळ लागतो. म्हणजे ‘दिवे गेले, आले, आणि मुलगी गायब’ हा प्रकारच बाद. एकच बत्ती टांगली तर सावली कुठे पडणार ते ठरलेलं, आणि सगळं लपवायचं ते त्या सावलीत. आमचं मत असं की बत्तीने जादूगाराचा हात तयार ठेवला. विजेने पुढे तो थोडा आळशी केला. जाणकारांना हे पटणार नाही, न पटो.

वीज मग कुठे होती? आपण बसलोय ते मारुंजी मुळशी तालुक्यात येतं. मुळशीच्या धरणासाठी शेतजमिनी गेल्या, १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं. त्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार झाली आणि गेली मुंबईला. ज्यांची शेतं बुडाली त्यांच्या मावळात उजेड आला तो पुढे कितीतरी वर्षांनी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच मुळी १९६० सालचं. त्यामुळे या भागात गॅसबत्ती टिकली ती हौसेने नव्हे.

याच पट्ट्यातलं, चाकणजवळचं आंबेठाण हे जादूगार रघुवीर यांचं गाव. रघुवीर भोपळे, जन्म १९२४. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात वाढलेला हा मुलगा जपान, आफ्रिका, युरोप फिरून आला. ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव त्यांच्या धंद्याचंही नेमकं वर्णन आहे. असा माणूस आज नाट्यगृहात, उद्या शाळेच्या पटांगणात उभा राहतो. थिएटरचे दिवे आपले नसतात, पटांगणात तर नसतातच. जे पेटीत मावेल तेच आपलं.

वीज आल्यावर हिशेब सुरू झाला. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टने जेमतेम ३४५० वॉट मिळतात. हजार वॉटचे तीन दिवे लावले की संपलं, चौथ्याला फ्यूज गेलाच. दिवे मंद करायचे तर पूर्वी मिठाच्या पाण्यात पत्रे वरखाली करणारे जुगाडी डिमर असत. ओल्या हाताने ते चालवणाऱ्या पोराचं काय होत असेल, कल्पना करा. शिवाय हॅलोजनची भट्टी आणि शेजारी मखमलीचा काळा पडदा. जादूच्या खेळात तो पडदा लागतोच. ‘ब्लॅक आर्ट’ म्हणून एक प्रकार आहे, १८८०च्या दशकात युरोपात रंगमंचावर आला. काळ्या मखमलीपुढे काळे कपडे घातलेला मदतनीस, आणि दिवे रंगमंचाकडे नव्हे, तर कडेने प्रेक्षकांकडे तोंड करून. आपले डोळे दिपतात आणि मागचा काळोख अधिक काळा होतो. उजेडानेच अंधार पाडायचा! आमच्या दोरी-सापाच्या उदाहरणात ही सोय नव्हती.

आता एलईडी पार आले. एक दिवा साधारण दीडशे वॉटचा धरला तर त्याच सॉकेटवर वीस चालतात. हलके, फारसे न तापणारे, रिक्षातही मावणारे. पण जुना बल्ब मंद होताना तांबूस होत जायचा, प्रेक्षकाला नकळत संध्याकाळ व्हायची. स्वस्त एलईडी शेवटच्या पायरीला पटकन विझतो आणि प्रेक्षक सावध होतो. स्वस्त मालात चेहरा हिरवट दिसतो, पंखा घुरघुरतो, मोबाइलच्या चित्रणात पट्टे येतात. आणि मोबाइल हा नवाच शत्रू: रात्रीच्या छायाचित्रणाची सोय अंधारातलं उजळून दाखवते. डोळ्याला न दिसणारा काळ्या कपड्यांतला माणूस पडद्यावर धूसर उमटू शकतो.

अंधार वापरणारा आणखी एक धंदा आहे, बुवाबाजीचा. अंगारा काढणारा बुवा आणि रुमालातून कबुतर काढणारा जादूगार, हातचलाखी तीच. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात ‘जादू’ शब्द आल्याने काही जादूगार बिचकले होते म्हणे. बिचकायचं कारण नाही. जादूगार तिकिटावरच छापतो की हा खेळ आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तेच चमत्कार दिवसाढवळ्या करून, वर कसे केले तेही सांगतात. जादूगार ते सांगत नाही, आणि सांगूही नये. त्याने दिवा कुठे लावला ते मात्र सगळ्यांसमोर असतं, आपणच तिकडे बघत नाही.

तरुण जादूगार विचारतात, काय घेऊ? समोरून दोन उबदार पांढरे एलईडी, डोक्यापेक्षा उंच स्टँडवर, दोन्हीकडून तिरके. बाजूने दोन रंगीत. घ्यायच्या आधी दुकानातच पूर्ण मंद करून बघा, चेहऱ्यावर पाडून बघा, मोबाइल समोर धरून बघा. ब्लॅक आर्ट करायचं असेल तर दोन वेगळे, प्रेक्षकांकडे वळवायला. लांब वायर, आणि जनरेटरवाल्याचा नंबर.