प्रोस्टेटचा जंतुसंसर्ग : आधी लघवीची तपासणी, मग गोळी

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे घरातले पुरुष कुणाला सांगत नाहीत. मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणतात आणि गप्प बसतात. नेमकी इथेच चूक होते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनळी तिच्यातूनच जाते, त्यामुळे लघवीतले जंतू तिच्यात शिरू शकतात. बहुतेकदा हा जंतू असतो आतड्यातला ई. कोलाय.

अचानक झालेल्या संसर्गात थंडी वाजून ताप येतो, लघवी अडते, ओटीपोट आणि बैठकीची जागा दुखते. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी हलकेच तपासतात. ती सुजलेली, गरम आणि दुखरी लागते. अशा वेळी ग्रंथी चोळायची नसते, कारण जंतू रक्तात पसरू शकतात. लघवीचे कल्चर करतात, ताप जास्त असेल तर रक्ताचेही.

जुनाट संसर्ग ओळखणे अवघड. लघवीचा संसर्ग बरा होतो आणि तोच जंतू पुन्हा पुन्हा सापडतो, ही त्याची खूण. १९६८ मध्ये मिअर्स आणि स्टेमी या अमेरिकन डॉक्टरांनी यासाठी चार नमुन्यांची तपासणी मांडली. आज अनेक ठिकाणी दोनच नमुने घेतात : ग्रंथी चोळण्याआधीची लघवी आणि नंतरची. नंतरच्या नमुन्यात जंतू दहापट किंवा जास्त असतील, तर ते प्रोस्टेटमध्येच आहेत असे समजतात.

नमुना देताना सुरुवातीची धार सोडून द्या, मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि लगेच लॅबला पोहोचवा. अँटिबायोटिक आधीच घेतले असेल तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल हेही कळत नाही. घेतले असेलच, तर डॉक्टरांपासून लपवू नका. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. आजार जोरात असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात.

आणखी एक गोष्ट. या संसर्गात रक्तातला पीएसए वाढतो. तो आकडा पाहून कॅन्सर झाला असे समजू नका. बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

प्रोस्टेटच्या दुखण्यात जंतू सापडणारे रुग्ण थोडेच असतात. म्हणून तपासणीशिवाय अँटिबायोटिक नको. आणि अब्बांना थंडी-ताप असून लघवी अडली असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखणे सांगण्यात लाज कसली?