पडद्यावरील खेळघड्याळ आणि विरामाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना खेळासाठी पडद्यावरचा टायमर तयार करण्यास सांगितले जाते. प्रथमदर्शनी काम सोपे वाटते. ठरावीक आकडा घ्यायचा, दर सेकंदाला त्यातून एक वजा करायचा आणि विरामाची कळ दाबली की वजाबाकी थांबवायची. असा टायमर चालतोही. मात्र खऱ्या घड्याळाशी ताडून पाहिले की तो चुकलेला आढळतो. या चुकीचे मूळ केवळ तांत्रिक नाही. खेळातील काळ मोजण्याच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, घड्याळ चालविण्याचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. ते थांबवावे कसे आणि कोणाच्या अधिकाराने, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळला. प्रस्तुत लेखात याच दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

वाळू, जोडघड्याळ आणि लिफाफा

इ.स. १८५१ मध्ये लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, तेव्हा खेळीसाठी कालमर्यादा नव्हती. प्रतिस्पर्धी तासन्‌तास विचार करीत बसतो, ही तक्रार त्यामुळे स्वाभाविकच होती. १८६१ मध्ये अँडरसन व कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली व दोन तासांत २४ खेळ्यांचे बंधन आले. वाळूचे घड्याळ थांबविण्याचा उपाय एकच, ते आडवे करणे. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांच्या कल्पनेतील जोडघड्याळ आले. एका दांडीवर दोन घड्याळे बसविलेली असत. दांडी एका बाजूला कलली की एक थांबे व दुसरे सुरू होई. या रचनेतील मर्म असे की, एकाचा विराम हाच दुसऱ्याचा प्रारंभ होता. त्यामुळे थांबलेल्या वेळेचा हिशेब कोणाच्या नावे लिहावा, हा प्रश्नच उद्भवत नसे.

दोन्ही घड्याळे एकदम थांबविण्याचा प्रसंग डाव तहकूब करताना येई. रात्रभर विचार करण्याचा लाभ एकाच पक्षास मिळू नये म्हणून पुढील खेळी लिहून लिफाफ्यात मोहोरबंद केली जाई. १९७२ च्या रेक्याविक येथील जगज्जेतेपदाच्या लढतीचा एकविसावा डाव असाच तहकूब झाला आणि तो पुन्हा सुरू झालाच नाही; स्पास्की यांनी १ सप्टेंबर रोजी दूरध्वनीवरून हार मान्य केली. पुढे विश्लेषण करणारे संगणक प्रबळ झाले, तेव्हा लिफाफ्याची सोय निरर्थक ठरली व १९९० च्या दशकात तहकुबीची प्रथा मागे पडली.

म्युनिकमधील ३ सेकंद

स्पास्कींच्या त्या दूरध्वनीनंतर जेमतेम आठ-नऊ दिवसांत, ९ सप्टेंबरच्या रात्री, म्युनिक ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा अंतिम सामना सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. अमेरिका ५०-४९ अशी पुढे होती व ३ सेकंद उरले होते. सोव्हिएत संघाच्या विश्रामकाळाच्या मागणीवरून वाद झाला. १ सेकंद शिल्लक असताना खेळ थांबविण्यात आला आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस जोन्स यांनी ३ सेकंद परत ठेवण्यास सांगितले. घड्याळ त्या आकड्यावर आणण्याचे काम पुरे होण्यापूर्वीच खेळ सुरू झाला, भोंगा वाजला, अमेरिकी खेळाडूंनी जल्लोष केला. मग तेच ३ सेकंद पुन्हा खेळविले गेले व बेलोव यांच्या गुणांनी सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. अमेरिकेचे अपील ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळले गेले. त्या संघाने रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

या घटनेची चर्चा सामान्यतः शीतयुद्धाच्या संदर्भात होते, व ते योग्यच आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात कालमापनाचाही धडा आहे. घड्याळ थांबले होते. पण ते नेमके कोणत्या क्षणी थांबले, याची सर्वमान्य नोंद नव्हती.

पडद्यावरील काळ

१९७६ मध्ये अमेरिकेत आलेल्या फेअरचाइल्ड चॅनल एफ या घरगुती खेळयंत्रावर 'होल्ड' नावाची कळ होती. ती दाबली की खेळ गोठत असे. एवढेच नव्हे, तर गोठलेल्या अवस्थेत खेळाचा कालावधी व वेगही बदलता येई. विराम हा आता पंचाचा नव्हे, खेळाडूचा अधिकार झाला.

मात्र या यंत्रांचा 'सेकंद' हा खरा सेकंद असेलच असे नव्हते. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ४०० पासून उतरणाऱ्या आकड्याचे एक एकक सुमारे ०.४ सेकंदाचे होते. म्हणजे ४०० चा काळ प्रत्यक्षात सुमारे १६० सेकंद. ही यंत्रे पडदा कितीदा नव्याने रेखाटला गेला यावरून काळ मोजीत. अमेरिका व जपानमधील दूरचित्रवाणी संचांवर ते सेकंदाला सुमारे ६० वेळा होई, तर युरोपात ५० वेळा. फेरफार न करता युरोपात नेलेला खेळ त्यामुळे सुमारे एक-षष्ठांशाने मंद चाले. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील टायमर सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देई. सोयीसाठी १८ ठोक्यांचा सेकंद धरणारा प्रोग्रॅम तासाभरात जवळजवळ ४१ सेकंद पुढे जाई.

यावरील उपाय ठोके न मोजण्यात आहे. कार्यालयातील हजेरीपुस्तकात कर्मचाऱ्याची मिनिटे कोणी मोजीत बसत नाही. येण्याची व जाण्याची वेळ लिहून वजाबाकी केली जाते. टायमरनेही तेच करावे. ३०० सेकंदांचा डाव १० वाजता सुरू झाला व १० वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी थांबविला, तर ९० सेकंद खर्ची टाकून जपून ठेवावेत. १० वाजून ४ मिनिटांनी पुन्हा सुरू करताना प्रारंभाची नवी नोंद करावी. १० वाजून ५ मिनिटांनी नवे ६० व जुने ९० मिळून १५० खर्च, १५० शिल्लक. पुष्कळ प्रोग्रॅम जुनीच प्रारंभनोंद वापरतात. विरामात आकडा स्थिर दिसतो, पण खेळाडू चहा घेऊन परतला की तो एकदम खाली कोसळतो!

वेळ कोणत्या घड्याळावरून घ्यावी, हाही प्रश्न आहेच. संगणकाचे भिंतीवरच्यासारखे घड्याळ वापरकर्ता किंवा नेटवर्क मागेपुढे करू शकते. म्हणून केवळ पुढेच जाणारे अंतर्गत घड्याळ वापरावे लागते. ब्राउझरसाठी त्याचे प्रमाणीकरण २०१२ मध्ये झाले. मागे झाकलेल्या टॅबचे ठोके ब्राउझर मुद्दाम मंदावतात, पण वजाबाकीवर चालणाऱ्या टायमरला त्याची बाधा होत नाही. फार तर आकडा उशिरा रंगतो.

२०२० : विराम कोणाचा?

हिशेब अचूक झाला, तरी अधिकाराचा प्रश्न उरला. ऑनलाइन बुद्धिबळात संपर्क तुटला तरी खेळाडूचे घड्याळ चालूच राहते. नियमाचे कारण उघड आहे : तुटलेला संपर्क व मुद्दाम तोडलेला संपर्क यांतील फरक यंत्रास कळत नाही. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या उपान्त्यपूर्व फेरीत आर्मेनियाचे मार्तिरोस्यान भारताच्या निहाल सरिन यांच्याविरुद्ध संपर्क तुटून हरले. अपील फेटाळले गेल्यावर आर्मेनियाने माघार घेतली. ३० ऑगस्टच्या अंतिम फेरीत रशियाविरुद्ध तीच वेळ भारतावर आली. इंटरनेट सेवेतील व्यापक बिघाडाच्या वेळी निहाल सरिन आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांचे डाव वेळ संपून गेले. भारताने अपील केले आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक विजेते घोषित केले. आर्मेनियाच्या सामन्याचा निकाल मात्र बदलला नाही.