शनोंसोचा पूल

फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे राजवाड्यांसाठी व द्राक्षमद्यासाठी विख्यात आहे. तेथील मऊ पांढरा चुनखडक खणून वाडे उभे राहिले. खाणींच्या गुहांत आज मद्य मुरते. ल्वारला मिळणाऱ्या शेर नदीवर शनोंसोचा प्रासाद आहे. राजप्रेयसी दियानने तेथे पूल बांधविला. १५५९ मध्ये राजा दुसरा आंरी निवर्तताच राणी कातरीनने प्रासाद तिच्याकडून घेतला व पुलावर नृत्यशाळा चढविली. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांची शुश्रूषा झाली. १९४० मध्ये तेथे शेर नदीच जर्मनव्याप्त प्रदेशाची सीमा ठरली, तेव्हा दालनाच्या दक्षिणद्वाराने कित्येक जण निसटले. मत्सराची वास्तू अशी माणुसकीच्या कामी आली. आम्ही शिक्षक बांधणाऱ्यांचीच नावे पाठ करून घेतो. वास्तूचे पुढील आयुष्यही शिकवावयास नको काय?