तेल नेणे आणि तेल परत आणणे

मंडळी, यवतमाळहून मुर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला वाफेवर चालत होती, तो काळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. गाडी थांबली की ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन खाली उतरावयाचा आणि दांड्यांपाशी, चाकांपाशी वाकून तेल घालावयाचा. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कारभाराखाली मुख्यतः कापसासाठी सुरू झाली. तिचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला बांधलेले. 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत ते राबले, आणि मग त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

मी इतिहास शिकविणारा माणूस; यंत्रे दुरुस्त करणे माझे काम नव्हे. पण या बदलात एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. वाफेच्या इंजिनात घातलेले तेल एकदा गेले ते गेले. ते रुळांवर ठिबकून जाई. पाण्याचेही तसेच, वाफ होऊन धुरांड्यातून आकाशात. डिझेल इंजिनात मात्र तेच तेल आणि तेच पाणी फिरून फिरून वापरतात. तळाच्या चेंबरमधून पंप तेल उचलतो, दाबाने बेअरिंगपर्यंत नेतो, आणि ते पुन्हा खाली गळते. पाणी इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, थंड होऊन परत येते. म्हणजे तेल नुसते पोचवून भागत नाही, ते परत आणावे लागते.

हे परत आणणे किती अवघड, ते टर्बोने शिकविले. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियराने 1905 साली टर्बोचे पेटंट घेतले. कल्पना सरळ होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात जोर असतो, तो फुकट जातो. त्या धुराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबावी. हवा जास्त, तर डिझेलही जास्त जाळता येते. पण कागदावरची ही कल्पना नीट कामाला लागावयास वीस वर्षे गेली. 1926 च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डांझिग’ या दोन जर्मन जहाजांची इंजिने टर्बोमुळे 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. पुढे 1938 साली साउरर या स्विस कारखान्याने ट्रकच्या इंजिनाला टर्बो लावला. आपल्या देशात 1962 साली अमेरिकेतून आलेल्या डब्ल्यूडीएम-2 रेल्वे इंजिनांवरही तो होता. आज तो आपल्या शिवारातल्या ट्रॅक्टरवर येऊन बसला आहे.

आता त्या दांड्याची अवस्था पाहा. ट्रकच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्याच्या एका अंगाला सहा-सातशे अंशांचा धूर, दुसऱ्या अंगाला हवा. असा दांडा नुसत्या धातूवर टेकला तर टिकेल काय? तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, बरं का!

आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने दारव्ह्याकडे जुन्या ट्रॅक्टरला भंगारातला टर्बो बसवून घेतला. आठ दिवसांत निळा धूर सुरू झाला. मिस्त्री म्हणाला, सील गेले. दुसरा टर्बो आणला, तोही तसाच. कापसाचे पैसे त्यात गेले. तिसऱ्या खेपेस एका म्हाताऱ्या मेकॅनिकने वाकून पाहिले आणि हसला. तेल परत जाणारी नळी मध्येच खाली लोंबून पुन्हा वर चढली होती.

शेतकरी माणसाला हे समजावयास वेळ लागू नये. विहिरीवरचा पंप पाणी वर ढकलतो, तिथे चढ चालतो. पण पाटाला उतारच लागतो. टर्बोत तेल दाबाने येते, मात्र बाहेर पडताना त्याला दाब उरत नाही. ते फेसाळलेले असते आणि आपल्या वजनाने खाली जाते. म्हणून परतीची नळी आणणाऱ्या नळीपेक्षा चांगली रुंद हवी, सरळ उताराची हवी, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर सुटावयास हवी. ती तुंबली की तेल टर्बोतच साचते आणि दांड्याच्या टोकांतून झिरपते. सील बिचारे निर्दोष असते! तेल आणणारी नळी इंजिनाच्या दाबाच्या वाटेवरूनच घ्यावी. तिच्या सांध्याला चिकट मसाला फासण्याची आपल्याकडे फार खोड. त्याचा एक कण सुटला तर बारीक भोक बुजते आणि दांडा कोरडा पडतो.

पाण्याचा प्रश्न निराळा. पुष्कळ डिझेल टर्बोंना पाण्याची वाट नसतेच. तेलावरच त्यांचे भागते. तेव्हा नसलेले भोक शोधीत बसू नये. मोटारींच्या टर्बोंत मात्र इंजिन एकदम बंद केले की तेल थांबते, धुराकडची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि आतले तेल जळून कोळसा होतो. म्हणून 1980 च्या दशकात बेअरिंगभोवती पाणी खेळविण्याची रीत रुळली. इंजिन बंद झाल्यावरही तापलेले पाणी आपोआप वर चढते आणि त्याच्या जागी गार पाणी येते. चुलीवरच्या पातेल्यात दिसते तेच हे. मात्र परतीची पाण्याची नळी चढती ठेवावी लागते. मध्ये हवेचा बुडबुडा अडकला की फिरणे थांबते. पाहा गंमत, एकाच टर्बोवर तेलाची परत वाट खाली आणि पाण्याची वर.

त्या म्हाताऱ्याने नळी कापून सरळ केली, तिसरा टर्बो बसविला. पण लगेच सुरू केले नाही. टर्बोच्या वरच्या भोकात थोडे तेल ओतले, डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन नुसते फिरविले, आणि परतीच्या नळीचे टोक सोडून तिथून तेल येते का ते पाहिले. तेल आल्यावर नळी जोडली आणि मग ट्रॅक्टर चालू केला.