मण्याची कुळकथा

अलंकारांच्या घराण्यात सुवर्ण आणि रत्ने यांचा मान मोठा खरा. परंतु त्या घराण्याचा मूळपुरुष शोधत मागे मागे गेल्यास आपण जाऊन पोहोचतो तो खाडीच्या मुखाशी सापडणाऱ्या, करंगळीच्या नखाएवढ्या एका शंखापाशी आणि त्या शंखाच्या पाठीवरील एका छिद्रापाशी. ते छिद्र आपोआप पडले की कोणी बुद्धिपुरस्सर पाडले, याच्या निर्णयावर सारी वंशावळ अवलंबून आहे. लाटांच्या माऱ्याने शंख फुटतात आणि भक्षक जीवही त्यांना पोखरतात. सबब केवळ छिद्र हा ग्राह्य दाखला होत नाही. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काठावर दोऱ्याने घासून झिजलेला गुळगुळीत भाग आढळला, शेजारच्या मण्याशी घर्षण होऊन अंगावर सपाटी आलेली दिसली, आत गेरूचा लाल कण राहिलेला असला, म्हणजे तो शंख कोणाच्या तरी देहावर दीर्घकाळ मिरवला, हे सिद्ध होते. दोरा केव्हाच कुजून गेला, पण त्याची सही राहिली.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ब्लोम्बोस गुहेत ख्रिस्तोफर हेन्शिलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे 41 शंख मिळाले, व त्यांचे वय सुमारे 75 हजार वर्षे ठरले. हे शंख गुहेपासून सुमारे 20 किलोमीटरांवरील खाड्यांतून आणलेले होते, आणि त्यांतील मांस इतके अल्प की अन्नासाठी ही पायपीट कोणी केली असेल हे संभवत नाही. पुढे 2006 मध्ये इस्रायलमधील कार्मेल पर्वतावरील स्खूल गुहेच्या जुन्या संग्रहाची फेरतपासणी झाली, तेव्हा 1930 नंतरच्या दशकात उत्खनन होऊन लंडनच्या संग्रहालयात जमा झालेल्या दोन छिद्रयुक्त शंखांवर लक्ष गेले. त्यांतील एकास चिकटलेली माती त्या गुहेतील मानवी दफनांच्याच थराची निघाली, आणि कालमर्यादा एकदम 1 लाख वर्षांपलीकडे सरकली. मोरोक्कोतील बिझमून गुहेने तर 2021 मध्ये ती सुमारे 1 लाख 42 हजार वर्षांपर्यंत नेली.

येथवरच्या वारसाबद्दल तंटा नाही. हे सारे मणी आपल्याच जातीच्या मानवाचे मानले जातात. तंटा आहे तो निअँडरथल मानवाच्या हक्काचा. 1856 मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यातून त्याची हाडे प्रथम वर आली तेव्हापासून शतकाहून अधिक काळ त्याच्या माथी मंदबुद्धीचा शिक्का बसला होता. फ्रान्समधील आर्सी-सुर-क्यूर येथील रेन गुहेत आंद्रे लेरॉय-गुर्‍हाँ यांना त्याच्या थरांत कोरून अडकवण्याजोगे केलेले प्राण्यांचे दात मिळाले, तरीही थर मिसळले असतील, अथवा त्याने ती कला शेजाऱ्यांचे पाहून उचलली असेल, अशा शंका उपस्थित झाल्या. पहिली शंका शास्त्रीय आहे व ती घेतलीच पाहिजे. दुसरीत मात्र मला न्यायापेक्षा कुलाभिमान अधिक दिसतो. कारण क्रोएशियातील क्रापिना येथे, आपल्या पूर्वजांनी युरोपात कायमचा तळ ठोकण्याच्या फार पूर्वी, सुमारे 1 लाख 30 हजार वर्षांमागे, निअँडरथल मानवाने समुद्री गरुडाच्या आठ नख्या जमवल्या. त्यांपैकी काहींवर शस्त्राने कापल्याच्या खुणा आणि घर्षणाची चकाकी आहे. ज्या शेजाऱ्याचे अनुकरण करावे तो शेजारीच तेथे नव्हता! स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील आविओनेस गुहेतील, 1 लाख 15 हजार वर्षांपूर्वीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, रंग लागलेल्या सच्छिद्र शिंपल्यांविषयी अद्याप मतभेद आहेत; परंतु क्रापिनाची साक्ष एकटीही पुरेशी आहे, असे मला निश्चित वाटते.

मणी ऊब देत नाही आणि भूकही भागवत नाही. तो पाहणाऱ्यासाठी असतो. नित्याच्या कुटुंबीयांना आपण कोण हे सांगावे लागत नाही, आणि भाषाच न समजणाऱ्या सर्वस्वी परक्याला ते सांगून कळत नाही. मंगळसूत्रातील काळे मणी पाहून अनोळखी माणसालाही प्रश्न न विचारता जे उमजते, ते उमजण्यासाठी दोघांमध्ये एक संकेत आधीच ठरलेला असावा लागतो. म्हणून मणी जेथे सापडतो तेथे अशा दूरच्या सोयऱ्यांचा, क्वचित भेटणाऱ्या टोळ्यांचा समाज असला पाहिजे, हे अनुमान मला त्या मण्याहूनही मोलाचे वाटते.

या वंशाची एक शाखा खानदेशातही नांदली. शंख निसर्गाने घडवलेला असतो, त्याला फक्त भोक पाडायचे. पण शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा मणी मुळापासून घडवावा लागतो. कवचाचे तुकडे करायचे, त्यांना टोकदार गारगोटीने वेज पाडायचे आणि मग कडा दगडावर घासून चकती वाटोळी करायची, असा हा उद्योग आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात असे मणी आणि आडव्यातिडव्या रेषा कोरलेला कवचाचा तुकडा निघाला. त्यांचा काळ सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा ठरला आहे. ही कवचे बाहेरून आणलेली नव्हेत. त्या काळी भारताच्या माळरानांवर शहामृग वावरत होता.